भिंतीपलीकडचं शून्य

६ ऑक्टो., सोम.

साडेनऊला ठि.च्या गेटवर. (ठि. = ते ठिकाण. करारात लिहून दिलंय की लष्कराच्या या जागेचं नाव कुठेही लिहिणार नाही. रोजनिशी 'कुठेही'मध्ये येते का हे विचारायला गेले तर उत्तर यायला सहा महिने लागतील. म्हणून ठि.)

काम साधं आहे. पावसात यांच्या गोदामांच्या अंगणात पाणी तुंबतं. नवा नाला कुठून काढायचा, खाडीवर आणि भिंतीला लागून असलेल्या कोळीवाड्यावर त्याचा काय परिणाम होईल, याचा अहवाल द्यायचा. बत्तीस वर्षं पालिकेत नालेच केले. निवृत्त होऊन स्वतःचं ऑफिस थाटलं, तरी नालेच.

जुना नकाशा बघायला मिळाला. इंग्रजांच्या वेळचा, कापडावर चिकटवलेला. तो हेडक्लार्क कुरुपबाबूंच्या कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात. केरळचे, पण पंचवीस वर्षं मालाडला राहतात, त्यामुळे मराठी झकास आणि कोणत्याही भाषेत नाही म्हणू शकतात. नकाशावर त्यांनी वर्तमानपत्राची पानं टाचण्यांनी लावली होती. मला लागेल तेवढीच खिडकी कापलेली. बाकी सगळीकडे 'वधू पाहिजे'.

पेन्सिल चालणार नाही म्हणाले. फोन गेटवरच ठेवला होता. मग लिहून कशावर घेऊ? "बघा ना मॅडम. बघायला परवानगी आहे." वेळ वीस मिनिटं.

पेन्सिलीवरून दहा मिनिटं वाद घातला. उरलेल्या दहा मिनिटांत जमिनीच्या उंचीचे एकतीस आकडे पाठ केले. पाढ्यांसारखे.

गेटपर्यंत जीपमधून, ताडपत्री खाली सोडलेली. मी पुटपुटत होते, शेजारच्या जवानाने विचारलं, माताजी, कौन सा पाठ है? म्हटलं, नाल्याचा.

गेटबाहेर दळवी वही उघडून उभेच. (दळवी = माझे सर्व्हेअर. मालवणचे. दुर्बिणीतून बघणं सोडलं तर कशाचीही घाई नाही.) मी आकडे बोलत गेले, ते लिहीत गेले. एकतीसच्या एकतीस. वयाच्या बासष्टाव्या वर्षी.

शेवटी दळवी म्हणाले, "शून्य खंयचा, मॅडम?"

म्हटलं, सर्वेक्षणाचंच असणार, दुसरं कुठलं. चला, ऊन वाढतंय.


८ ऑक्टो., बुध.

आत उंची मोजायची दुर्बीण न्यायला परवानगी नाही. दळवींनी भिंतीबाहेरच्या उंच्या घेतल्या: कोळीवाडा, वाळवणाची जागा, खाडीचा काठ. आतल्या उंच्या नकाशावरून, म्हणजे माझ्या डोक्यातून.

पाणी नक्की कधी तुंबतं हे कुरुपबाबूंना विचारलं. ते गोपनीय आहे म्हणाले. किती तुंबतं? तेही. निदान तुंबतं का? ते पत्रात लिहिलंय ना मॅडम.

प्र.ला (नवरा, बँकेतून निवृत्त, आता शब्दकोडी) रात्री जेवताना सांगितलं. म्हणाला, डॉक्टरांकडे जाऊन कुठे दुखतंय ते सांगायचं नाही, अशी माणसं माझ्या शाखेतही येत. 


१४ ऑक्टो., मंगळ.

कोळीवाड्यात गेले. नवा नाला त्यांच्या वाळवणाच्या जागेच्या कडेने खाडीत जाईल, तर त्यांचं म्हणणं लिहून घ्यायला हवं.

वाळवणाची जागा हिराबायच्या हुकमाखाली चालते. माझ्याच वयाच्या असतील. बांबूंच्या मांडवांवर बोंबील, तोंडात तोंड अडकवून ओळीने टांगलेले. पन्नासएक घरांचं पोट त्यावर. मी प्रश्नावली काढली. त्यांनी बाजूला ठेवायला सांगितली आणि चहा मागवला. मग प्रश्न त्यांनीच विचारले. कुठे राहतेस? मुलुंड. तिथं खाडी हाय, मग इथं कशाला आलीस? नवरा काय करतो? कोडी सोडवतो? आणि जेवायला कोन घालतं?

नाल्याचं मी सांगितलं: उघडा, सरळ, उतार चांगला. आतलं पाणी बाहेर जाईल, बाहेरचं आत येणार नाही, कारण आतली जमीन उंच आहे.

हिराबायने कप खाली ठेवला. "तू आत जाऊन बघितलंस?"

नकाशा बघितला, म्हटलं.

"बरं," एवढंच म्हणाल्या. मी 'आक्षेप नाही' लिहिलं.

निघताना कागदात बांधून बोंबील दिले. नको म्हणायची सोय नव्हती. संध्याकाळी प्र.ने घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि दोन वेळा वाढून घेतलं.


३१ ऑक्टो., शुक्र.

अहवाल दिला. एकशे बारा पानं, तीन प्रती. नाला सरळ खाडीत, भरतीचं पाणी अडवायला दरवाजा लावायची गरज नाही, पंप नको. स्वच्छ, स्वस्त, सोपं. चांगलं काम झालं की मला अजून कळतं. छातीत जरा मोकळं वाटतं.

कुरुपबाबूंनी प्रत्येक प्रतीवर लाल शिक्का मारला: गोपनीय. मग करारानुसार माझ्या लॅपटॉपमधली फाईल त्यांच्यासमोर पुसायला लावली. दळवींची वहीही जमा. म्हटलं, माझ्याकडे एक प्रत तरी? म्हणाले, गोपनीय कागद बाहेरच्या व्यक्तीकडे ठेवता येत नाही.

मी लिहिलाय तो.

"लिहिलात तेव्हा गोपनीय नव्हता."

दळवी रिक्षात बसेपर्यंत हसू दाबून होते.


७ नोव्हें., शुक्र.

लिहायला बसले आहे पण

नंतर. आधी चहा.

हिराबायचा फोन आला सकाळी. माल तयार हाय, नवऱ्याला आवडला ना, घेऊन जा. गेले. पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले, दुपारी एकची भरती. ठि.च्या भिंतीला पाणी लागलेलं. त्या भिंतीवर कोळ्यांनी चुन्याच्या रेघा मारल्यात, दर वर्षीच्या सर्वांत मोठ्या भरतीची एक. मी बघत उभी. हिराबाय बाजूला येऊन म्हणाल्या, "ह्या भिंतीला खालच्या अंगाला भोक हाय, जुन्या गटाराचं. भरतीला आमचं पानी त्यातून आत जातं. तुझ्या त्या लोकांच्या अंगनात."

आत जातं? म्हटलं, जाऊच शकत नाही, आतली जमीन...

"जातं गो. म्हातारे म्हनतात, पयल्यापासून जातं. पोरं त्या भोकातून आत गेलेलं चेंडू परत मागतात तर शिपाई ओला चेंडू देतो."

ओला चेंडू.

शून्य.

सर्वेक्षणाच्या उंच्या मोजतात त्या समुद्राच्या सरासरी पातळीपासून. बंदरवाले मोजतात अगदी तळाच्या ओहोटीपासून, म्हणजे गाळाजवळून. इंग्रजांनी खाडीकाठच्या जागेचा नकाशा केला तेव्हा शून्य बंदराचंच धरलं असणार. नकाशात ते उजव्या कोपऱ्यात, खाली लिहितात. त्या कोपऱ्यावर 'वधू पाहिजे' होतं.

फरक किती? मी हात वर करून उभी राहिले तर बोटांच्या टोकापर्यंत, आणि वर वीतभर. तेवढी आतली जमीन मी कागदावर उचलून ठेवली. प्रत्यक्षात ती भरतीच्या पाण्याच्या खाली आहे. माझा तो स्वच्छ, स्वस्त, सोपा नाला प्रत्येक मोठ्या भरतीला उलटा वाहील. खारं पाणी वाळवणाच्या जागेत पसरेल आणि मग गोदामांत.

एकतीस आकडे. एकही चुकला नाही.

ज्युनिअर पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे: कोणी उंची सांगितली की आधी विचारायचं, शून्य कुठलं. एकाला तर न विचारल्याबद्दल साइटवरून घरी पाठवलं होतं. आणि दळवींनी विचारलं तेव्हा मी ऊन वाढतंय म्हणाले.

दळवींना फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाले, उद्या भेटूया, मॅडम. 'मी विचारलं होतं' म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.


१० नोव्हें., सोम.

ठि. कुरुपबाबूंना म्हटलं, अहवालात चूक आहे, दुरुस्ती करायची आहे.

कुठल्या पानावर?

म्हटलं, चौथ्या प्रकरणात. पान आठवत नाही. अहवाल द्या, दाखवते.

अहवाल दाखवता येणार नाही. गोपनीय आहे, आणि माझं नाव तो बघू शकणाऱ्यांच्या यादीत नाही. यादीत नाव घालायचं तर लेखी अर्ज. अर्जात कारण. कारण म्हणजे दुरुस्ती. दुरुस्तीसाठी पान आणि परिच्छेद क्रमांक आवश्यक.

मी म्हटलं, बाबू, पान बघितल्याशिवाय पान कसं सांगू?

"पाठ करायला पाहिजे होतं, मॅडम. नकाशा केलात ना."

ते चेष्टा करत नव्हते. तेच जास्त लागलं.


१२ नोव्हें., बुध.

अर्ज लिहिला. तासाभरात परत आला. विषयात मी 'नाल्याच्या अहवालातील चुकीबाबत' लिहिलं होतं. अहवाल कशाचा आहे हे उघड होतं म्हणून विषय बदलायला सांगितला. बदलला: 'एका बाबीबाबत'. तो स्वीकारला.

प्र. म्हणाला, तुझा अहवाल आता तुझ्यापेक्षा मोठा अधिकारी झाला. भेटायला वेळ मागावी लागते.


१८ नोव्हें., मंगळ.

उत्तर आलं. 'आपल्या एका बाबीबाबतच्या पत्राची नोंद घेतली आहे. कृपया बाब स्पष्ट करावी.'


२० नोव्हें., गुरु.

हिराबायचा फोन. वाळवणाच्या जागेत माणसं येऊन फक्की मारून गेली. चुन्याच्या दोन पांढऱ्या रेघा, भिंतीपासून खाडीपर्यंत. कंत्राटदार म्हणाला, महिन्याभरात मशीन येईल.

जाऊन बघितलं. माझीच ओळ. एक अंशही इकडेतिकडे नाही. दळवींचं काम नेहमीच चोख.

हिराबायला खरं सांगितलं. नाला चुकला आहे, चूक माझी आहे, दुरुस्त करायला बघते आहे, ते लोक ऐकत नाहीत. मला वाटलं ओरडतील. त्या बोंबील उलटत होत्या, उलटत राहिल्या.

"पानी कंच्या शून्यावरून येतं ते पान्याला कोन सांगनार?" मग थोड्या वेळाने: "तू त्या दिवशी लिहिलंस ना, आक्षेप नाय. आता लिही, हाय."

म्हटलं, तो कागदही आत आहे.

तेव्हा मात्र हसल्या. पदर तोंडाला लावून. बायकांना हाका मारून सांगितलं आणि त्याही हसल्या. मी उभी. साठीच्या इंजिनिअर बाईला बोंबलांच्या मांडवाखाली उभं करून पंधरा बायका हसतात, हे पालिकेत कधी झालं नव्हतं.


२५ नोव्हें., मंगळ.

कर्नलसाहेबांची भेट मिळाली. सभ्य माणूस. उठून उभे राहिले, खुर्ची दिली, आवारात लावलेल्या कडुनिंबांबद्दल दहा मिनिटं बोलले. मग मी म्हटलं, सर, अहवालात... त्यांनी हात वर केला.

त्यांचं म्हणणं असं. अहवाल गोपनीय. मला तो बघायचा अधिकार नाही. ज्याला अधिकार नाही त्याच्याशी त्यातल्या मजकुराबद्दल त्यांनी बोलणं म्हणजे नियमभंग. मी सांगू शकते, पण ते ऐकू शकत नाहीत.

म्हटलं, सर, तुमची गोदामं बुडतील.

अगदी मनापासून वाईट वाटलं त्यांना. म्हणाले, मॅडम, हे तुम्ही मला सांगितलं नाही असं मी समजतो.

बाहेर पडले. जीप, ताडपत्री. गेटवर फोन परत घेतला. दळवी चहाच्या टपरीवर. सगळं ऐकून म्हणाले, "माका काय वाटता, मॅडम, आतलो सगळो गोपनीय. पण भिंत भायल्या बाजूक कोणाची?"

मी चहा तसाच ठेवला. भिंतीची बाहेरची बाजू. रस्त्यावरून सगळ्या जगाला दिसते. त्यावर कोळ्यांनी रेघा मारल्यात, पोरांनी क्रिकेटचे स्टंप काढलेत. तिच्यात गोपनीय काय?

आणि भिंतीचा माथा. तो आतून आणि बाहेरून एकच.


२८ नोव्हें., शुक्र.

कर्नलसाहेबांना निमंत्रण. ५ डिसें., दुपारी १२, कोळीवाड्याच्या बाजूने भिंतीचा बाहेरचा भाग बघण्यासाठी. कारण: भिंतीवरील रेघोट्या व अस्वच्छता. कुरुपबाबूंनी तीनदा वाचलं, शिक्का मारायला काहीच सापडेना. नाराज होऊन आवक नोंदवहीत चढवलं.


३ डिसें., बुध.

साहेब येणार. येतो म्हणून निरोप. रेघोट्यांबद्दल त्यांना फार राग आहे असं कळलं.

दळवींशी बोलायचं ठरवलं होतं. ऑफिसात दोघेच होतो. मी म्हटलं, दळवी, त्या दिवशी गेटवर तुम्ही... ते म्हणाले, मॅडम, स्टाफचा बूट सैल झालाय, घट्ट करून आणतो. (स्टाफ = उंची मोजायची आकडे असलेली काठी.) आणि गेले. अर्ध्या तासाने आले. माणसाला माफी मागू द्यायची नाही हीसुद्धा एक शिक्षाच. त्यांना ते माहीत आहे की काय कोण जाणे.


५ डिसें., शुक्र.

नीट लिहिते.

काल पौर्णिमा. आज भरती साडेबाराच्या सुमाराला. बाराला साहेब आले, बरोबर कुरुपबाबू आणि एक जवान. हिराबायने मांडव बाजूला घेऊन वाट केली होती. साहेबांना खुर्ची, कुरुपबाबूंना स्टूल. कुरुपबाबूंनी नाकाला रुमाल लावला, हिराबायने तो बघितला आणि मुद्दाम बोंबलांची टोपली त्यांच्या स्टुलाशेजारी ठेवली.

साहेब रेघा बघून वैतागले. या कोणी मारल्या? मी म्हटलं, सर, या भरतीच्या आहेत, लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मारलेल्या. ते जरा वाकले.

पाणी चढत होतं. खाडीकडच्या कोपऱ्यात भिंतीच्या पायाला लागलं, मग विटेच्या दुसऱ्या थराला. दळवी दुर्बीण लावायला लागले. मी म्हटलं, दुर्बीण राहू द्या. पट्टी द्या. आणि मग, सगळ्यांसमोर, मोठ्याने:

"दळवी, शून्य कुठलं?"

दळवींनी माझ्याकडे बघितलं. दोन सेकंद. मग भिंतीच्या माथ्यावर हात ठेवला. "ह्या, मॅडम. भिंतीचो माथो. दोन्ही बाजूंक एकच."

बस. बाकी काही बोललो नाही त्याबद्दल. झालं ते.

माथ्यापासून खाली पाण्यापर्यंत मोजलं. आकडा मोठ्याने सांगितला. बाहेरचा आकडा, कोणाचाही. आतला याहून मोठा निघाला तर आतली जमीन या पाण्याच्या खाली. मग मी साहेबांना म्हटलं, सर, आतल्या बाजूला माथ्यापासून जमिनीपर्यंत किती आहे, हे मला विचारायचा अधिकार नाही. पण तुमच्या जवानाने तुमच्यासाठी मोजलं तर त्यात माझा काही संबंध नाही.

साहेबांनी जवानाला खूण केली. तो पट्टी घेऊन गेला. पूर्ण वळसा घालून गेटमधून आत, वीस मिनिटं. तेवढ्यात हिराबायने साहेबांना चहा दिला आणि किती मुलं, लग्नं झाली का, हे विचारून घेतलं. भिंतीच्या माथ्यावर आतून पट्टीचं टोक दिसलं, हललं, नाहीसं झालं. आणखी वीस मिनिटं. जवान धावत आला, साहेबांच्या कानात बोलला.

आकडा मला कळला नाही. साहेबांचा चेहरा मात्र गोपनीय नव्हता.

त्यांनी पाण्याकडे बघितलं. भिंतीकडे. फक्कीच्या पांढऱ्या रेघांकडे, ज्या भिंतीपासून सरळ खाडीपर्यंत जात होत्या, आणि खाडीकडच्या टोकाला आता पाण्याखाली होत्या. मग हळू आवाजात विचारलं, "मॅडम, अहवालात चूक आहे असं तुम्ही म्हणत नाही आहात ना?"

"मी काहीच म्हणत नाही, सर. मी फक्त पट्टी धरली आहे."

साहेब उठले. जाताना भिंतीवरच्या रेघा पुसू नका म्हणाले. कुरुपबाबूंना हिराबायने अर्धा किलो बोंबील बांधून दिले. घेतले. मालाडला घर आहे, मासे कसे सोडतील.


१५ डिसें., सोम.

ठि.चं पत्र. टपालाने, लाल शिक्का नाही. 'एका अहवालाच्या तांत्रिक फेरतपासणीसाठी स्वतंत्र तज्ज्ञाची आवश्यकता आहे. या विषयातील आपला दीर्घ अनुभव पाहता...'

दोनदा वाचलं. माझाच अहवाल तपासायला मलाच बोलावलंय. तज्ज्ञ झाले तर अहवाल बघता येईल, पान सांगता येईल, चूक काढता येईल. कर्नलसाहेबांनी बरोबर वाट शोधली, आणि ती कोणाच्या लक्षात येणार नाही अशी शोधली. कडुनिंबांपलीकडेही डोकं आहे माणसाला.

सोबत अर्ज. चार पानी.

पत्रात शेवटी: फेरतपासणी सुरू झाल्याची नोंद होईपर्यंत काम ठरल्याप्रमाणे चालू राहील. काम म्हणजे खोदाई. हिराबायकडून कळलं, मशीन सोमवारी, २२ला.


१७ डिसें., बुध.

अर्जातला रकाना क्र. ९: 'मूळ अहवाल तयार करणाऱ्या व्यक्तीशी आपला कोणत्याही प्रकारचा संबंध आहे का? असल्यास तपशील.'

'नाही' लिहिलं तर खोटं. 'आहे' लिहिलं तर अर्ज बाद, आणि सोमवारी मशीन.

प्र.ला वाचून दाखवलं. म्हणाला, 'नाही' लिही, सगळे लिहितात. मी बघितलं त्याच्याकडे. म्हणाला, बरं, नको लिहूस. मग कोड्यात डोकं घातलं.

दळवी म्हणाले, रकाना कोरा ठेवा. म्हटलं, मी बत्तीस वर्षं कोरे रकाने परत पाठवलेत.

साहेबांना माहीत आहे, कुरुपबाबूंना माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे. एक 'नाही' लिहायचं आहे. दोन अक्षरं. त्यावर पन्नास घरं.

ठरत नाही.


१९ डिसें., शुक्र.

लिहिलं. रकाना ९: 'आहे. ती व्यक्ती मीच. शून्य विचारायचं राहिलं. चूक कुठे आहे हे शोधायला तपासणीची गरज नाही; ती मला पाठ आहे.' रकान्यात मावलं नाही, समासात गेलं.

साडेचारला ठि. कुरुपबाबूंनी अर्ज वाचला. रकाना ९ला थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मला वाटलं, आता बाद.

म्हणाले, "मॅडम, तो कोपरा मी झाकला होता ना?"

म्हटलं, झाकायचं काम तुमचं होतं. विचारायचं माझं.

त्यांनी गळ्यातली किल्ली चाचपली. मग म्हणाले, असा अर्ज त्यांनी आधी बघितलेला नाही. नियमात 'आहे' लिहिणाऱ्याला बाद करा असं लिहिलेलं नाही, 'साहेबांपुढे ठेवा' असं लिहिलंय. तर साहेबांपुढे ठेवतो. पण आज पावणेपाच झाले. आवक शिक्का साडेचारला बंद होतो. आता सोमवारी.

मशीनही सोमवारीच आहे, बाबू.

"माहीत आहे, मॅडम. मी सोमवारी पहिल्या गाडीने येतो." तेवढ्यात कपाटातून जुन्या वर्तमानपत्राचा गठ्ठा काढून केराच्या टोपलीत टाकला. का ते सांगितलं नाही.

येताना कोळीवाड्यावरून आले. हिराबायने फक्कीच्या दोन रेघांच्या मधोमध नवे मांडव घातलेत, भिंतीपासून थेट खाडीपर्यंत. बोंबील टांगून पूर्ण. विचारलं, हे काय? म्हणाल्या, माल वाढला, जागा कमी पडली. सोमवारी मी येणार का असं विचारलं. येणार म्हटलं. दळवीही येतो म्हणालेत, स्टाफ घेऊन.

सोमवारी मशीन दहाला. कुरुपबाबूंचा शिक्का साडेदहाला उघडतो. भरती पाऊणच्या सुमाराला.